मिल्ट्रीचे पाटे

आमच्या दारातल्या गाडीला सगळी वस्ती ‘मिल्ट्री’ म्हणायची. नगरला लष्कराच्या वापरून झालेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, तिथून ती माझ्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं आणलेली. हिरवी, उंच, पुढची-मागची चारी चाकं ओढणारी, मागं उघडा हौदा. मिरजगावहून आमच्या वस्तीवर यायचं म्हणजे आधी काळं रान, मग ओढा, मग नुसते धोंडे. पावसाळ्यात ट्रॅक्टर जिथं रुतायचा तिथून मिल्ट्री गुरगुरत निघायची. त्यामुळं कुणाचा कांदा, कुणाचं खत, कुणाची नवरी, सगळं तिच्यातूनच यायचं. मीही तिच्यातूनच आले. नव्वद साल उलटून थोडाच काळ झाला होता. हौद्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता, दात एकमेकांवर आपटत होते आणि मनात येत होतं, आपण रडतोय ते या धक्क्यांत कुणाच्या लक्षात येणार नाही, हे एक बरं.

माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीच्या काठावर. सातवीनंतर शाळा सुटली. आई आजारी, पाठची भावंडं लहान, एवढंच कारण. मामा नगरकडं साखर कारखान्यात कामाला होता, त्यानं हे स्थळ आणलं. शाळा लवकर सुटल्यामुळं म्हणा किंवा कशामुळं, मला एक सवय आहे. कुणी काही समजावून सांगायला लागलं की मी आधीच मान हलवते. मग दिवसभर धाकधूक, की आपल्याला कळलेलं नाही हे यांना कळलं तर?

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. गळ्यात माळ, घरात मांस-मच्छी वर्ज्य. पहिल्या वर्षी माझं जेवणच तुटलं. ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना, आणि बोलायची सोय नाही. एक दिवस आत्याबाईंनीच बाजारातून सुकटाची पुडी मागवली, गोठ्यामागं तीन दगड मांडले आणि म्हणाल्या, “हितं शिजव. वारं तिकडं हाय. माज्या देवाला वास यायचा न्हाई.” मी शिजवून खाल्लं तेव्हा त्या पाठ करून उभ्या होत्या, कुणी येत नाही ना बघत. त्या दिवसापासून वाटायचं, या बाईसाठी आपण काय वाटेल ते करू. आणि करायची वेळ आली ती अशी, की काय करायचं तेच कुणाला कळेना.

भाद्रपदात आत्याबाई गोठ्याच्या ओल्या उंबऱ्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. नगरला नेताना त्या धड शुद्धीवर नव्हत्या. हौद्यात त्यांच्याभोवती अर्धी वस्ती बसलेली, कुणी डोकं धरलंय, कुणी पाय. नगरला ऑपरेशन झालं, आत हाडाला स्टीलची पट्टी बसवली. येताना मात्र आम्ही घरचेच. हे आणि भावजी पुढं, मागं हौद्यात गादीवर आत्याबाई आणि मी. डांबरी होती तोवर निभलं. धोंड्यांवर गाडी आली आणि प्रत्येक धोंड्याला मागची बाजू अशी उडायची की गादीसकट आत्याबाई उचलल्या जायच्या आणि आपटायच्या. त्यांनी ओरडायचं नाही म्हणून पदर दातांत धरला. घरी येऊन पाहिलं तर पदराला दातांची भोकं पडली होती.

डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीच्या आधी परत आणा. फोटो काढून बघू हाड धरलंय का, मग पाय टेकायला शिकवू. फोटोशिवाय घरीच उभं केलंत तर पट्टी निसटेल. नुसतं पडून ठेवलंत तर पाय आखडेल, मग उभ्याच राहणार नाहीत.

आत्याबाईंनी खाटेवरून सांगून टाकलं, “मी त्या गाडीत पुन्हा बसनार न्हाई. हितं पडून ऱ्हाईन.”

भावजी म्हणाले, “मंग खाटंसकट उचलून डांबरीपतोर नेतो. चौघं जन खांद्यावर.”

“चौघांच्या खांद्यावर? आरं, मी अजून हाय की!”

बैलगाडी मागून आणावी तर तिची चाकं लाकडी, ती मिल्ट्रीच्या वरताण. डॉक्टरला घरी आणावं तर फोटोचं मशीन येणार नाही. सगळीकडून फिरून गोष्ट गाडीपाशीच यायची. शेवटी हे म्हणाले, “गाडीच मऊ करू.”

गाडी मऊ करायची म्हणजे काय, हे मला भावजींनी मागच्या चाकापाशी बसवून सांगितलं. ते कर्जतच्या एका गॅरेजात काही दिवस होते. चाकाच्या वर, गाडीच्या पोटाखाली लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, धनुष्यासारख्या वाकलेल्या. वरची लांब, खालच्या आखूड होत जातात. त्यांना पाटे म्हणायचं. चाकाला धक्का बसला की तो पाटे वाकून गिळतात. मिल्ट्रीचे पाटे ढीगभर वजन वाहायला केलेले, म्हणून कडक. त्यातले थोडे काढले की गाडी मऊ.

मी मान हलवली. पण त्या दिवशी विषय आत्याबाईंचा होता, म्हणून धीर करून विचारलं, “भावजी, गोधड्या जास्त घातल्या तर मऊ लागतं. मग पाटे कमी केल्यावर मऊ कसं होईल?”

भावजींनी आधी माझ्याकडं, मग पाट्यांकडं बघितलं. “वैनी, गोधडी येगळी आन पाटा येगळा.”

“वेगळा म्हणजे कसा?”

“आता कसा म्हंजी... लोखंडाचा!”

काम दारातल्या लिंबाखाली सुरू झालं. मागची बाजू जॅकवर उचलून खाली दगड आणि लाकडाचे ओंडके रचले, चाकं काढली. पाट्यांना धरून ठेवणारे बोल्ट गंजून एक झाले होते. त्यांवर घासलेट ओतून ठेवलं, तरी हलेनात. मग पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघं भाऊ लोंबकळले. मी पाने हातात द्यायची, कोणता कशाला ते माहीत नाही, पण पान्यांवरचे आकडे वाचता येत होते म्हणून चुकत नव्हते. आत्याबाईंची खाट ओट्यावर आणून ठेवली होती. तिथून त्यांचं चालूच.

“आरं जेवायला येताय का त्या म्हशीचं बाळातपन करूनच येताय?”

“आई, अर्धं बाहेर आलंय,” हे गाडीखालून.

“मंग शेक शेगडी घिऊ का?”

बोल्ट अखेर निघाला तेव्हा पाट्यांचा गठ्ठा खाली आला. मधला खिळा काढताच सगळे पाटे एकमेकांपासून फटकन सुटले आणि भावजी मागं उडी मारून माझ्या पायावर आले. दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाटे बाजूला काढून लिंबाच्या बुंध्याला टेकवले, उरलेल्यांना ग्रीस फासून परत बसवलं. गाडी खाली घेतल्यावर मागून जरा वाकल्यासारखी दिसायला लागली. मला ती दमलेली वाटली, पण मी बोलले नाही.

आता आत्याबाईंना कसं पटवायचं? त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, “तुमी दोगं सांगू नका, तुमी गाडीचे हाय. सूनबाई बसंल. माज्या जाग्यावर निजंल. तिच्या अंगाला न्हाई लागलं, तर मी येते.”

म्हणजे सगळं माझ्या अंगावर आलं. हौद्यात गादी टाकली, मी आडवी झाले. भावजींनी उशाला काठोकाठ भरलेली घागर ठेवली. पाणी सांडलं तर धक्का, नाही सांडलं तर नाही. मी डोळे मिटून घेतले. गाडी धोंड्यांवरून ओढ्यापर्यंत जाऊन आली. खरं सांगते, होडीत निजल्यासारखं वाटलं. मागची बाजू खाली जायची, वर यायची, पण आपटत नव्हती. घागरीतलं पाणी हिंदकळलं तेवढंच. मी आत्याबाईंपाशी धावत गेले.

“नाही लागलं आत्याबाई. आईशप्पथ.”

“बघ हां. तुज्या बोलन्यावर जाते मी.”

ते वाक्य मला पुढचे दिवस पुरलं. भाकरी थापताना, गुरांना पाणी पाजताना. आपल्या बोलण्यावर कुणी काही करावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं आणि मला ते मुळीच सोसत नव्हतं.

त्या दिवसांत शेजारची भावकीतली काकू आली. लिंबाला टेकवलेले पाटे तिच्या डोळ्यांत भरले. पाट्याच्या लोखंडाचं खुरपं धार सोडत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. “जाऊबाई, ह्यातला एक नेऊ का? लोहाराकडं देते, दोन खुरपी व्हतील.” आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, “ने की. गाडीतून काढलंय म्हंजी भंगारच.” काकूनं सगळ्यात लांब होता तो उचलला. मी बघत होते. मलाही ते भंगारच वाटलं.

जायचा दिवस आला. गादी टाकली, चादरीत धरून आत्याबाईंना वर घेतलं. आणि मग माणसं यायला लागली. आमच्याकडं आजारी माणूस दवाखान्याला निघालं की घरटी एक जण तरी बरोबर जातं. नाही गेलं तर ‘आलं नाही’ हे मागं राहतं. काकू आली, खालच्या वस्तीवरचे म्हातारे पाव्हणे आले, तिघी जणी मिरजगावपर्यंत, एक जण नगरला भाच्याला भेटायला, डॉक्टरसाठी म्हणून कांद्याचं पोतं. भावजी खाली उभे राहून मोजत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. “आई, गाडी...” एवढंच बोलले.

“बसू दे रं. लोकं आलीत आपल्यासाठी. बसा गं, जागा हाय!”

पहिल्याच मोठ्या धोंड्याला गाडीची मागची बाजू खाली गेली ती वर आलीच नाही. धाडकन लोखंडावर लोखंड आपटलं. हौदा खालच्या एक्सलवर बसला होता. उरलेल्या पाट्यांना वाकायला जागाच राहिली नव्हती. आत्याबाईंच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पुढचा धोंडा, पुन्हा तसंच. मी हौद्याच्या पुढच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवलं. गाडी थांबली.

सगळी माणसं उतरून उभी राहिली. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही, ते परवडलं असतं. नुसतं विचारल्यासारखं.

“तू तर म्हनली हुतीस, न्हाई लागत.”

मला लागलं नव्हतं हे खरं. त्यांना लागलं हेही खरं. गाडी तीच, रस्ता तोच, गादी तीच. मग मी खोटं बोलले होते की काय?

हे म्हणाले, “लोकांना इथंच ऱ्हाऊ दे. आई एकटी असली की मऊ लागंल, हिला लागलंच की मऊ.”

हिशेबानं ते बरोबर होतं. पण आत्याबाई भडकल्या. “माज्यासाठी तयार होऊन आलेली मानसं रस्त्यात उतरवून मी पुढं जाऊ? एकटीच? तसंच येताना एकटी आलते, आन हाडं खिळखिळी झाली. फिरवा गाडी माघारी.”

गाडी माघारी आली. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. दिवाळी तोंडावर आली होती, दवाखान्याचे ते डॉक्टर सणात गावाला जाणार होते. हे म्हणत होते, लोकांना नाही म्हणून सांगू. भावजी म्हणत होते, एक-एक पाटा परत घालू. हे म्हणाले, मग परत कडक. दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि दोघांचंही मला पटत होतं, हीच पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी दोघांना खाटेपाशी बोलावलं. “पाटे हुते तसे बसवा. आन मानसं बी बसू द्या.”

“आगं आई, त्याच पाट्यांनी तुला लागलं हुतं ना?”

“लागलं हुतं. तवा संगं कोन हुतं? आन दवाखान्यात नेलं तवा कुठं लागलं हुतं?”

“तवा तू शुद्धीवर न्हवतीस!”

“थोडी हुती.”

हे डोकं खाजवत उठले. मला मात्र उगाच माझ्या बापाची होडी आठवली. मासळी नसली की तो होडीत दगड घालायचा, म्हणायचा, रिकामी होडी नाचते. पण ते पाण्यातलं. इथं जमिनीवर त्याचा काय संबंध, म्हणून मी ते बोलले नाही.

पुन्हा जॅक, पुन्हा ओंडके. आणि पाटे घालायला घेतले तर एक कमी. भावजी सगळं अंगण पालथं घालून आले. “वैनी, हितं सहा हुते.”

मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई आढ्याकडं बघायला लागल्या.

भावजी काकूच्या घरी पळत गेले आणि हातात एक नवंकोरं खुरपं घेऊन परत आले. दुसरं अजून लोहाराकडंच होतं. “घ्या. हे बसवू का गाडीला? मूठ बी हाय.”

काकू मागोमाग आली, बिचारी रडकुंडीला. आत्याबाईच तिच्यावर डाफरल्या, “आगं रडती काय? मीच दिला. गाडीला काय खुरपायचंय का?” शेवटी एका बाजूचा एक गेला म्हणून दुसऱ्या बाजूचाही तोच बाहेर ठेवला, म्हणजे गाडी लंगडी नको. बाकीचे दोन-दोन परत चढवले.

मग परत बघायचं ठरलं, यावेळी माणसांसकट. भावजींनी वस्तीवर हाळी दिली, “चला, फुकटची फेरी!” माणसं आली, कांद्याचं पोतं आलं. मी आडवी झाले, उशाला घागर. गाडी धोंड्यांवर चढली. कुणाचा तरी पाय माझ्या पायाला टेकलेला, काकूचा गुडघा माझ्या कुशीत. पाटे करकरत होते. खाली जायचे, सावकाश वर यायचे. घागरीतलं थोडं पाणी सांडलं. की कुणाचा धक्का लागून सांडलं? मला सांगता येईना. कुणीतरी मध्येच माझी घागर सरळही केली होती.

परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, “काय गं? लागलं?”

सगळे माझ्याकडं बघत होते. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. पण मागच्या वेळीही ‘नाही’ खरंच होतं, आणि त्याचं काय झालं? मला रडू यायला लागलं. म्हणाले, “मला नाही कळत आत्याबाई. मला लागलं नाही. पण मागच्या वेळी पण नव्हतं लागलं. तुम्हाला लागेल की नाही ते मी कसं सांगू?”

मला वाटलं, झालं, आता त्या उठणार नाहीत. आत्याबाईंनी माझा हात ओढून खाटेवर बसवलं. “मंग जाऊ या. हे दोगं लई ठासून सांगत्यात, त्याची भीती वाटती मला. तुला कळत न्हाई तर तू बस माज्याशेजारी. लागलं तर दोगी मिळून वरडू.”

गेलो. सगळे गेलो, खुरपं घेतलेली काकूसुद्धा. पहिल्या धोंड्याला आत्याबाईंनी पदर दातांत धरला. मी त्यांचा हात धरला होता, का त्यांनी माझा, कोण जाणे. दुसऱ्या-तिसऱ्या धोंड्याला पदर सुटला. ओढ्यात उतरताना त्या म्हाताऱ्या पाव्हण्यांना विचारत होत्या, यंदा कांदा कशानं सडला म्हणून.

नगरला फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, हाड धरायला लागलंय, आजपासून पायावर थोडं थोडं वजन टाका. वजन पडलं की हाड आणखी भरतं. मी मान हलवली. मला वाटलं होतं, मोडलेल्यावर वजन टाकायचं नसतं.

गाडी कशानं मऊ झाली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. हे म्हणायचे, वजनानं. भावजी म्हणायचे, तो एक पाटा कमी झाल्यानं, आणि श्रेय लोहाराला द्यायचे. आत्याबाई म्हणायच्या, मानसांनी. मला विचारलं की मी आलटून पालटून तिघांच्या बाजूनं बोलायचे.

त्या दिवशी दारात परत आलो तेव्हा माणसं एकेक करून उतरायला लागली. प्रत्येक जण उतरला की हौदा जरासा वर यायचा. आत्याबाईंच्या लक्षात आलं. “आगं, ही वर चाललीया.” शेवटी त्या आणि मी राहिलो. हे दोघं चादर घेऊन पुढं आले तर त्यांनी हात हलवला. “थांबा. डागदर काय म्हनलाय?”

मागचा फाळका पाडला. हे दोघं दोन्ही बाजूंना. आत्याबाईंना बसल्या बसल्या सरकवत कडेला आणलं आणि सावकाश खाली घेतलं. चांगला पाय आधी टेकला. मी समोर उभी. त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तो दुसरा पाय जमिनीला लावला.

“टाकू का गं?”

“मला नाही माहीत आत्याबाई.”

“बरं,” म्हणाल्या, आणि टाकलं. मी गुडघ्यांत जराशी वाकले, आणि थांबले.